इंजिन नसलेल्या रिमोट ग्लायडरच्या स्पर्धेत जिंकवतं काय, कौशल्य की नशीब?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्लायडरला इंजिन नाही, वर नेणारी हवा दिसत नाही, मग ज्याच्या वाट्याला चांगली हवा येईल तोच जिंकणार. त्यात स्पर्धा कसली?

नशीब असतं, नाही कशाला म्हणू? पण ते एका उड्डाणापुरतं. मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या आसपासच्या एका छोट्या क्लबात ग्लायडर उडवते. आमचा हंगाम ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेने संपतो. दरवर्षी रविवारी दुपारी अंतिम फेरीच्या यादीत बरीचशी तीच ती माणसं असतात. हवा बदलते, मॉडेलं बदलतात, नावं फारशी बदलत नाहीत. निव्वळ नशिबाचा खेळ असता तर असं झालं नसतं.

आधी एक खुलासा. हल्लीच्या बहुतेक स्पर्धांत ग्लायडरच्या नाकात छोटी विजेची मोटर असते. ती फक्त वर जायला. आमच्याकडे एफ५जे नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकार खेळतात. त्यात मोटर एकदाच, जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची, बंद केली की बंद. त्यानंतर जे काही करायचं ते हवेच्या जोरावर. मॉडेलमध्ये उंची नोंदवणारं एक इवलंसं उपकरण बसवलेलं असतं आणि सगळी गंमत त्याच्यातच आहे. हातात १० मिनिटं असतात. हवेतल्या प्रत्येक सेकंदाला १ गुण. पण मोटरने जितकी उंची घेतली, तिच्या प्रत्येक मीटरला अर्धा गुण कापला जातो, आणि २०० मीटरच्या वरच्या प्रत्येक मीटरला तर ३ गुण. शेवटी जमिनीवरच्या खुणेपासून १ मीटरच्या आत उतरलात तर ५० गुण, पुढे मीटरमागे ५ कमी होत जातात.

आता हिशेब बघा. चार मीटर पंखांचं, सव्वा-दीड किलोचं कार्बनचं ग्लायडर शांत हवेत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे ६० मीटरवर मोटर बंद केली तर अडीच मिनिटांत तुम्ही गवतात. १७० मीटरवर केली तरी जेमतेम सात मिनिटं. दहा मिनिटं कोणालाच फुकट मिळत नाहीत, वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधावीच लागते. समजा, एकाने ६० मीटरवर मोटर बंद केली, ९ मिनिटं ५७ सेकंद काढली आणि दोन मीटरच्या आत उतरला: ५९७ उणे ३० अधिक ४५, म्हणजे ६१२. दुसरा १७० मीटरवर गेला, वेळ तेवढाच, उतरणं अगदी अचूक: ५९७ उणे ८५ अधिक ५०, म्हणजे ५६२. तिसरा धाडसी. ४० मीटरवरच थांबला, धड थर्मल मिळाला नाही, कशीबशी चार मिनिटं काढून खाली: २४० उणे २० अधिक ४५, म्हणजे २६५.

हे तिघं एकाच गटात, एकाच वेळी, एकाच आकाशात उडत होते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. गटातल्या पहिल्याला १००० गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. दुसऱ्याला ९१८, तिसऱ्याला ४३३. सकाळच्या मरगळलेल्या हवेत सगळेच सहा मिनिटांत खाली आले तरी त्यांतल्या सर्वोत्तमाला १०००च. त्यामुळे 'माझ्या वेळी हवाच नव्हती' ही सबब चालत नाही. हवा नव्हती तर कोणालाच नव्हती. प्रत्येक फेरीत गट नव्याने पाडतात, म्हणजे एखादा तगड्या मंडळींत अडकला तरी कायमचा अडकत नाही. पुरेशा फेऱ्या झाल्या तर प्रत्येकाची सगळ्यांत वाईट फेरी सोडून देतात. नशिबाला कात्री लावायची म्हणूनच हे नियम असे रचलेत.

मग उरतं काय? उडवायच्या आधी हवा वाचणं. मला विचाराल तर निम्मी स्पर्धा मॉडेल हातात धरून उभं असतानाच खेळली जाते.

थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून सुटून वर चढणारी हवा. ती वर गेली की तिच्या जागी आजूबाजूची हवा धावते, म्हणून वाऱ्याची झुळूक अचानक दिशा बदलते. मैदानात काठ्यांना रिबिनी बांधलेल्या असतात त्या यासाठीच. सकाळपासून समोरून येणारा वारा एकाएकी पाठीवर लागला, तर चढती हवा बहुधा तुमच्या समोर आहे. वारा पडला आणि गालाला ऊब जाणवली तर ती कदाचित डोक्यावरूनच चाललीय. आमच्या खोऱ्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर बदामाची तोडणी चालते. झाडं हलवून बदाम पाडतात, वाळवतात आणि झाडण्याच्या यंत्रांनी ओळीत लोटतात. त्यांची धूळ मैलभरावरून दिसते. ती आडवी पसरत असेल तर तिकडे जाण्यात अर्थ नाही. एखाद्या जागी ती खांबासारखी उभी राहिली की मैदानातली निम्मी डोकी तिकडे वळतात.

आणि पक्षी. टर्की व्हल्चर नावाची इकडची गिधाडं पंख किंचित वर धरून, डुलत डुलत फिरतात. ऑक्टोबरात त्यांचे थवे दक्षिणेला जायला निघालेले असतात. ती पंख न हलवता गोल फिरत असतील तर बिनदिक्कत विश्वास ठेवावा. पाकोळ्या खालच्या उंचीवर एकाच जागी गिरक्या घेऊ लागल्या तर त्याचाही अर्थ आहे: चढत्या हवेबरोबर जमिनीवरचे किडे वर ओढले जातात आणि पाकोळ्या ते टिपतात. पुण्यात किंवा नाशकात तुम्ही हेच घारींकडे बघून शिकू शकता, आणि ते शिकायला एक रुपयाही लागत नाही.

वर पोचल्यावर मॉडेल बोलतं ते ऐकावं लागतं. एफ५जेमध्ये चढ-उताराची माहिती खाली पाठवणारं उपकरण वापरायला मनाई आहे, त्यामुळे डोळेच खरे. शेपूट किंचित उचलली आणि वेग वाढला, म्हणजे चढत्या हवेत शिरलात. उजव्या पंखाचं टोक आपोआप वर गेलं तर थर्मल उजवीकडे आहे. मॉडेल मात्र त्याच्यापासून दूर, डावीकडे कलतं. नवखा त्याला तसंच जाऊ देतो. सवयीचा हात त्याच क्षणी उजवीकडे वळवतो. एक गिरकी, मग कुठल्या बाजूला जास्त चढलं ते बघून पुढची गिरकी थोडी तिकडे सरकवायची.

थर्मल सापडला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्याच्याबरोबर तुमचं मॉडेलही वाहतं. चार मीटरचे पंख पाहता पाहता ठिपक्याएवढे होतात आणि परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या विरुद्ध, खाली ओढणाऱ्या हवेतून. खुणेपासून ७५ मीटरच्या बाहेर उतरलात तर त्या उड्डाणाचे गुण शून्य. दहा मिनिटं छान उडवून शेजारच्या शेतात उतरलेल्या माणसाला शून्य मिळताना बघवत नाही, पण नियम योग्यच आहे. चांगला थर्मल वेळेत सोडून देणं हे मला थर्मल शोधण्याहून अवघड वाटतं.

यात टायमरचा वाटा मोठा, आणि तो बाहेरच्यांना दिसत नाही. प्रत्येक वैमानिकाच्या शेजारी एक साथीदार उभा असतो. तो घड्याळ तर सांगतोच, पण वैमानिकाची नजर आपल्या मॉडेलवर खिळलेली असताना बाकीचं आकाशही तोच बघतो. 'डावीकडे दोघं चढतायत.' 'तुझ्या मागे गिधाडं.' 'आता परत फिर.' माझे टायमर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. ते फार बोलत नाहीत. ते 'हं' म्हणाले की मी वळते.

हंगामाच्या शेवटची स्पर्धा इतर स्पर्धांहून थोडी वेगळी असते ती सूर्यामुळे. जूनमध्ये दहा वाजता थर्मल सुटू लागतात. ऑक्टोबरात अकरा-साडेअकरापर्यंत हवा ढिम्म असते, त्यामुळे पहिल्या फेऱ्यांत सगळे उंचावर जातात आणि निकाल उतरण्याच्या अचूकतेवर लागतो. पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, जवळजवळ काटकोनात खाली पाडून, शेवटच्या दोन सेकंदांत नाक खुणेवर टेकवायचं. उतरताना मॉडेल तुम्हाला किंवा टायमरला लागलं तर उतरण्याचे गुण गेले. दुपारी मात्र खरी कसोटी लागते. थर्मल अरुंद, कमजोर आणि थोड्या वेळाचे. तेव्हा ६० मीटरवर मोटर बंद करायची की १२० वर, हा सवाल प्रत्येक फेरीत नव्याने पडतो. वर्षभराच्या गुणांत पुढे असलेला जपून उंच जातो, मागे असलेल्याला खाली थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. अंतिम फेऱ्या १० ऐवजी १५ मिनिटांच्या, आणि तोवर सूर्य कलायला लागलेला. उन्हाळ्यात थर्मलच्या जोरावर जिंकणारी काही मंडळी इथे हमखास मागे पडतात.

बाकी बक्षिसं म्हणून लाकडी स्मृतिचिन्हं, दुपारी जेवण, आणि जुनी मॉडेलं विकायला मांडलेली असतात. त्यातलं एखादं घरी येतंच, तो विषय नको.

ग्लायडर म्हणजे संथ खेळ, असंही तुम्ही म्हटलंय. डोंगरधारेवर, वाऱ्याच्या आडोशाला गिरक्या घेत वेग वाढवण्याचा एक वेगळाच प्रकार आहे. कॅलिफोर्नियातच स्पेन्सर लिसेनबी यांनी २०२१ मध्ये बिनमोटरचं ग्लायडर ताशी ५४८ मैलांनी, म्हणजे ८८२ किलोमीटरनी उडवलं. मी ते लांबूनच बघते.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून दोन कामाच्या गोष्टी. स्पर्धेतलं कार्बनचं मॉडेल सगळ्या सामानासकट दोन हजार डॉलरच्या पुढे जातं, त्याच्या नादी एवढ्यात लागू नका. फोमचं, दोन मीटर पंखांचं, रेडियनसारखं मोटर ग्लायडर घ्या. ते पडतं, चिकटवता येतं, पुन्हा उडतं. जाहिरातीतली उंची आणि वेळ विसरा. रोज मोटर आधीपेक्षा थोडी खाली बंद करून बघा, हाच सगळ्यात चांगला सराव. सह्याद्रीची धार कितीही खुणावत असली तरी सुरुवात सपाट, मोकळ्या मैदानात करा. कड्यावर उडवणं सोपं असतं, उतरवायला जागा नसते. आणि भारतात या मॉडेलांनाही २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, तेव्हा उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळीक असलेल्या पट्ट्यातही परवानगीशिवाय ४०० फुटांपर्यंतच, आणि पुण्यात लोहगावच्या हवाई तळामुळे शहराचा मोठा भाग हिरव्यात येतच नाही. मैदान त्या हिशेबाने शहराबाहेरचं शोधा.