गॅरेजच्या दारातून : छप्पर उघडं टाकून जावं का?

प्रश्न : काका, माझ्याकडे २०२१ची थार आहे, कापडी छपराची. आम्ही मैत्रिणी नाशिकहून तारकर्लीला येतोय. छप्पर उघडून फिरता यावं म्हणूनच ही गाडी घेतली. पण जेवायला, पोहायला, किल्ला बघायला उतरलं की दर वेळी छप्पर लावत बसायचं का? घरचे म्हणतात, उघडी गाडी म्हणजे चोराला आमंत्रण.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. आमच्या कुडाळात हायवेला गॅरेज असल्यामुळे सुट्टीच्या दिवसांत तुमच्यासारख्या उघड्या गाड्या रोज दिसतात. त्यातली गाडीच उचलून नेली, असं क्वचित ऐकू येतं. थारला इमोबिलायझर आहे, स्टिअरिंग लॉक आहे. चिप असलेली किल्ली जवळ नसेल तर नुसत्या वायरी जोडून इंजिन चालू होत नाही. जुन्या जीपला आम्ही सीटखाली इंजिनचा करंट तोडणारं चोरबटण बसवून द्यायचो, त्याची इथे गरज नाही. उगाच कुणाकडून वायरिंग कापून घेऊ नका, वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाईल. चोराला तुमची गाडी नको असते, गाडीतलं हवं असतं.

आता छपराचं. कापडी छप्पर लावलं म्हणजे गाडी बंद झाली, हा समज आधी काढून टाका. साध्या कटरने ते फाडता येतं, आणि आवाजही होत नाही. तरीही माझं मत असं, की गाडी डोळ्याआड होणार असेल तर छप्पर लावाच. हॉटेलच्या ओट्यावरून गाडी दिसतेय, जेवण अर्ध्या तासाचं आहे, तर राहू दे उघडी. पण मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणार असाल तर गाडी दोन-तीन तास बेवारस पडते. तिथे छप्पर लावा, काचा वर करा, दारं लॉक करा. कापड चोराला अडवणार नाही हे मान्य, पण येताजाता सहज आत हात घालणारे बरेचसे त्याने टळतात. शिवाय विमा कंपनीपुढे तुमची बाजू धड राहते.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत एक अट छापलेली असते : गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. किल्ली गाडीत राहिली, दार उघडं राहिलं, की कंपनी याच अटीवर बोट ठेवते. अशा काही प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने पूर्ण नकार चालणार नाही, दाव्याचे ७५ टक्के द्या, असे निकाल दिले आहेत. पण तिथवर जाण्याइतकी चिकाटी कुणाकडे असते? गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, हेही ध्यानात ठेवा. पोहायला जाताना किल्ली टायरवर ठेवायची युक्ती किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. वॉटरप्रूफ पाऊच घ्या आणि गळ्यात अडकवा, नाहीतर एकीला किनाऱ्यावर बसवा.

आणि गाडीतलं सामान? बॅग, कॅमेरा, लॅपटॉप हे साध्या पॉलिसीत धरलेलंच नसतं. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण असतं. तेही घेताना गाडी कुलूपबंद असण्याची अट आहे का, हे एजंटला विचारू नका, स्वतः वाचा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा जादा दिवे असतील तर ते पॉलिसीत वेगळे नोंदवून घ्यावे लागतात. इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी आयएमटी २४ नावाचं कलम असतं.

थारची खरी अडचण म्हणजे तिला बंद डिकीच नाही. मागची सीट आणि सामानाची जागा एकाच खोलीत. त्यावर मी गिऱ्हाइकांना एकच उपाय सांगतो : मागे लोखंडी पेटी बसवून घ्या. १६ गेजचा पत्रा, बिजागऱ्या आतल्या बाजूने, झाकण कडेला दुमडलेलं, म्हणजे पहार घुसायला फट मिळत नाही. पेटी बोल्टने खाली घट्ट करायची, पण नट असे बसवायचे की पाना फक्त पेटी उघडल्यावरच लागेल. इथे दोन गोष्टींत फॅब्रिकेटर घाई करतात, तेव्हा जवळ उभ्या राहा. सीटबेल्टच्या बोल्टवर पेटी टांगू द्यायची नाही, ते बोल्ट जीव वाचवायला आहेत. आणि खाली वाकून डिझेलची नळी, ब्रेकची नळी कुठून गेलीय ते बघितल्याशिवाय ड्रिल लावू द्यायचं नाही. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर मारून घ्या. कोकणच्या हवेत उघडा पत्रा पावसाळाभरात गंजतो.

आरसी आणि लायसन डिजिलॉकरवर चालतं, मूळ कागद घरी ठेवा. कागदावर घरचा पत्ता आणि शेजारीच घराच्या चाव्या, असा जुडगा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवणारे बरेच पाहिलेत. एवढं करून काही गेलंच तर पोलिस चौकीत ‘हरवल्याची नोंद’ घेऊन परत येऊ नका. चोरीचा एफआयआर मागा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा, तो कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो.

प्रश्न : मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला असतो. जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली आहे, कापडी छपराची. इथले सहकारी सांगतात, छप्पर लावायचं पण दारं मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे चोर छप्पर फाडत नाही. हे खरं का?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : तर्क चुकीचा नाही. तुमच्या गाडीचं फाटलेलं छप्पर बदलणं ही काच बदलण्यापेक्षा कितीतरी महाग गोष्ट आहे, आणि आत काहीच नसेल तर दार उघडून बघून चोर निघून जातो. पण तिथल्या बऱ्याच पॉलिस्यांत दार, खिडकी किंवा छप्पर उघडं असताना झालेली चोरी वगळलेली असते. छप्पर वाचवायला जाल आणि गाडीचा दावा घालवून बसाल. मी असतो तर लॉक केली असती, आणि आतून धुऊन पुसून रिकामी ठेवली असती. चार्जरची वायरसुद्धा दिसू द्यायची नाही. वायर दिसली की फोनही असेल, असं वाटतं. सामान डिकीत टाकायचं, पण ते घरून निघतानाच. पार्किंगमध्ये उतरून टाकलंत तर बघणारा बघतोच.

रात्री रस्त्यावर लावत असाल तर स्टिअरिंगला बाहेरून दिसणारा दांडा लॉक लावा. आणि नुसतं छप्पर उघडं टाकून अलार्मवर विसंबू नका. आतली हालचाल टिपणारे सेन्सर बंद केबिनसाठी असतात, वाऱ्याने उगाच बोंबलतात, म्हणून वैतागून मालकच ते बंद करतो.

प्रश्न : माझी जुनी उघडी जीप आहे. पन्हाळ्यावर लावली की लोक आत बसून फोटो काढतात. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फोटोला माझी हरकत नाही, तुमचीही नसावी. उतारावर लावू नका हे पहिलं. लावावीच लागली तर हँडब्रेक पूर्ण ओढा, पण एवढ्यावर सोडू नका. कुणाचा गुडघा लागून गिअर न्यूट्रल होतो आणि एखादं पोर हँडब्रेकचं बटण दाबून बघतं. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स टाका, पुढची चाकं कडेच्या बाजूला वळवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. दगड नको, तो कुणीतरी बसायला उचलून नेतो. खायचं काही ठेवू नका, माकडं माणसांपेक्षा वेगवान असतात. बॅटरीला करंट तोडणारा कट-ऑफ स्विच बसवून घ्या, किल्लीसारखा निघणारा. बॅटरी उतरणार नाही आणि हॉर्नही वाजणार नाही.