एक टक्क्याचं नंतर बघू, आधी ते शेकडा दोन रुपये

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे जिल्हा परिषद शाळेतून जूनअखेर निवृत्त झालेले शिक्षक. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि विकलेली पेन्शन मिळून जुलैच्या शेवटी 44 लाख खात्यात जमा झाले. पेन्शन महिन्याला साधारण 40 हजार, घरखर्च 25 हजार, डोक्यावर कर्ज नाही. मुलगी नागपूरला सासरी, मुलाचं गावातच कृषी केंद्र. यवतमाळचे एक सल्लागार म्हणतात, वर्षाला एक टक्का फी द्या, सगळं मी पाहतो. गुरुजींचा प्रश्न असा, की फी द्यावी की आपले पैसे आपणच सांभाळावेत?

हे झालं पहिल्या पानावरचं. दुसऱ्या पानावर गुरुजी लिहितात, ‘‘मी या बाबतीत अगदीच नवखा नाही. आधीपासून चार लाख गावात ओळखीच्या लोकांकडे महिन्याला शेकडा दोन रुपयांनी होते. निवृत्तीनंतर आणखी साडेसात दिले. व्याज धरून बारा लाख फिरतात. पाच जण आहेत, सगळे माझे विद्यार्थी नाहीतर त्यांचे बाप. एकाने दोन एकराची खरेदी करून दिली आहे, पैसे फेडले की परत फिरवून द्यायची. 24 टक्के सुटत असताना म्युच्युअल फंडाच्या 12 टक्क्यांसाठी वर फी कशाला द्यायची?’’

गुरुजी, सल्लागाराला जरा बाजूला बसवू. आधी तुमचीच वही उघडू.

चार लाखांवर शेकडा दोनने वर्षाचे 96 हजार यायला हवे होते. पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी 41 हजार आले आणि ‘बाकीचं मुद्दलात चढवलं’. म्हणजे सुटले दहा टक्के. उरलेले 55 हजार फक्त वहीत आहेत, आणि तेच धरून तुम्ही ‘बारा लाख फिरतात’ म्हणता. उद्या पाचातला एक, समजा अडीच लाखांचा, बसला, तर बारा लाखांवरची दोन वर्षांची खरी वसुली गेली.

आता हे पाच जण तुमच्याकडे का आले, ते बघा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज पडत नाही. बिनव्याजी पैसा बँकेत असताना माणूस वर्षाला 24 टक्क्यांचा पैसा कधी उचलतो? बँकेत थकबाकीदार झाला असेल तेव्हा, सातबारावर आधीच बोजा असेल तेव्हा, नाहीतर घरात दवाखाना निघाला असेल तेव्हा. बँकेने ज्याला परत पाठवलं, त्याला तुम्ही ओळखीवर पैसे दिले. ओळख तुमची पक्की असेल हो, पण कापसाला ओळख कळत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तसं एक वर्ष आलं की पाचही जण एकाच महिन्यात हात वर करतील. त्याच महिन्यात मुलाच्या कृषी केंद्राची उधारीही अडकेल, आणि तुमच्या स्वतःच्या चार एकरातही काही नसेल. सगळी भिस्त एकाच पावसावर!

हा झाला हिशेब. माझी खरी काळजी त्या दोन एकरांची आहे. तुम्ही जे करताय त्याला कायदा विनापरवाना सावकारी म्हणतो. महाराष्ट्रात 2014 सालचा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना व्याजाचा धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्जाच्या बदल्यात घेतलेली जमीन खरेदीखत असलं तरी सुटत नाही: पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल, तर शेतकऱ्याच्या अर्जावर चौकशी करून सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक ते खरेदीखत रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत देऊ शकतात. आणि तुम्ही वसुलीसाठी कोर्टात गेलात, तर परवाना नसलेल्याला हुकूमनामा मिळत नाही. अहो, परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तुम्ही 24 लावलेत. ज्या दिवशी त्या घरातला एखादा शिकलेला पोरगा (कदाचित तुम्हीच शिकवलेला) दारव्ह्याला सहायक निबंधकांकडे अर्ज घेऊन जाईल, त्या दिवशी तुमच्याजवळ दाखवायला काय आहे? वही. तीच तुमच्याविरुद्धचा पुरावा.

म्हणून आज नवीन एक रुपयाही द्यायचा नाही. वकील गाठा, कागद त्यांच्यापुढे ठेवा, दोन एकर कसे परत फिरवायचे ते विचारा आणि फिरवून द्या. उरलेल्यांना सांगा की व्याज थांबलं, घेतलेलं व्याज मुद्दलातून वजा केलं, आता राहिलेले पैसे दोन-तीन हंगामांत बँकेतून द्या. काही येतील, काही येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांच्यामागे लागू नका.

आता तुमचा प्रश्न. बाहेर गेलेले साडेसात वजा करून साडेछत्तीस लाख उरतात. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तिची कमाल मर्यादा तेवढीच आहे. सध्या 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 61,500, महिन्याला साडेवीस हजार. पेन्शन धरून साठ हजार, आणि खर्च तुमचा पंचवीस. शिवाय पेन्शनवर महागाई भत्ता वाढत राहतो, विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो. वर्षाचं उत्पन्न सव्वासात लाखांच्या आसपास, नव्या करपद्धतीत आजच्या नियमाने त्यावर कर नाही. मला सांगा, 24 टक्के तुम्हाला हवेत कशाला?

एक मात्र तातडीचं. तुमचं वय 58. साठीच्या आतल्या निवृत्तांना ही योजना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांतच घेता येते. पैसे जुलैअखेर आले, पोळा होऊन गेला. ऑक्टोबरची वाट पाहू नका. पंचायत समितीतून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमांचा दाखला काढा आणि पोस्टात जा. पोस्टमास्तरांनी ‘साठ झाल्यावर या’ म्हटलं तर नियम दाखवायला सांगा, उठून येऊ नका. खातं काकूंसोबत संयुक्त काढलं तर बरं.

राहिलेल्या साडेसहापैकी चार लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, दवाखान्यासाठी. अडीच लाख हवे तर निर्देशांक फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट, म्हणजे मधल्या वितरकाशिवायच्या योजनेत, सात वर्षं हात लावणार नसाल तरच. नसेल जमत तर तेही पोस्टात. काही बिघडत नाही.

आणि ते सल्लागार? 44 लाखांचा एक टक्का म्हणजे वर्षाला 44 हजार, दहा वर्षांत चार लाख चाळीस हजार. कशाचे? पोस्टात एक अर्ज भरण्याचे. शिवाय त्यांनी पहिल्याच भेटीत दाखवलेला कागद तुम्ही सोबत जोडलाय: वर्षाला दोन लाखांची ‘हमी उत्पन्न’ पॉलिसी, हप्ते दहा वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दहा हप्त्यांची पॉलिसी! अशा हमीच्या पॉलिसीत शेवटी पाच-सहा टक्के सुटतात, आणि कमिशन विकणाऱ्याला पहिल्या वर्षापासून. फीही घ्यायची आणि कमिशनही, हे सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी असलेल्या सल्लागाराला एकाच ग्राहकाकडून करता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा, तो ‘आयएनए’ने सुरू होतो. ‘एआरएन’ने सुरू होणारा दाखवला तर ते फंड विकणारे वितरक. काहीच दाखवला नाही तर चहा पाजून निरोप द्या. तुमच्या बारा लाखांबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. एक टक्का मात्र पूर्ण चव्वेचाळीसवर लावला.

नोंदणी असलेला कुणी एकदाच दहा-पंधरा हजार घेऊन कागद तपासून देत असेल तर माझी हरकत नाही. पण यंदा तेवढेच पैसे खर्च करायचे असतील, तर ते दारव्ह्याच्या वकिलाला द्या.