गॅरेजची राहती खोली करायची तर आधी जमीन बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी आता बाहेरच उभी असते, घराला लागून असलेलं गॅरेज रिकामं पडलंय आणि आईला जिना चढवत नाही म्हणून तिथे तिच्यासाठी झोपायची खोली करायची आहे. ठेकेदार म्हणतोय, शटर काढू, तिथे भिंत बांधून खिडकी बसवू, फरशी टाकू, रंग देऊ, पंधरा दिवसांत खोली तयार. एवढं पुरेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही पुरणार. मी बांधकामावर देखरेखीचं काम करतो. अशा खोल्या वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उकलायची वेळ येते ती बहुतेक वेळा ओलीमुळे, आणि तुमच्या ठेकेदाराच्या यादीत ओलीचा उल्लेखच नाही. गॅरेज बांधताना धरूनच चालतात की गाडीबरोबर पाणी आणि चिखल आत येणार. म्हणून जमीन दाराकडे उतरती ठेवतात, घराच्या फरशीपेक्षा पायरीभर खाली ठेवतात आणि तिच्याखाली ओल अडवणारा थर घालायची तसदी बरेचदा कुणी घेत नाही. गाडीला त्याने काही फरक पडत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या सांध्यांना आणि छातीला पडतो.

म्हणून ठेकेदाराला होकार देण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करा. साधारण 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, जमीन पुसून कोरडी करा आणि तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा. किमान 16 तास तसाच राहू द्या, मी तर दोन दिवस ठेवायला सांगतो. नंतर उचलून बघा. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेवढाच काँक्रीटचा भाग काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून वर येतेय. एकाच जागी करू नका. मध्यभागी, शटरजवळ आणि बाहेरच्या भिंतीलगत, अशा तीन जागी करा, आणि शक्यतो पाऊस होऊन गेल्यावर. कोरड्या ऋतूत सगळंच कोरडं दिसतं.

निकाल काहीही आला तरी मी ओलरोधक थर घालायलाच सांगेन, कारण नंतर तो घालायचा म्हणजे सगळी फरशी उखडायची. जुन्या जमिनीवर आधी उतार घालवून सपाटी करायची. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार धरला तरी पाच मीटर लांबीच्या गॅरेजमध्ये दोन टोकांत पाच सेंटिमीटरचा फरक येतो, पलंगाच्या पायांखाली तो लगेच जाणवतो. त्यावर 250 मायक्रॉन किंवा त्याहून जाड प्लास्टिकची अखंड शीट, जोडांवर किमान 15 सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवलेली, आणि कडेला भिंतीवर नव्या फरशीच्या पातळीच्या वर वळवलेली. या वळवण्यात मिस्त्री हमखास हात आखडता घेतात, तिथे स्वतः उभे राहा. थंडी कडक असेल तर शीटवर उष्णतारोधक कडक फोमचे तक्ते, मग कोबा (फरशीखालचा सिमेंट-काँक्रीटचा थर), मग फरशी. तेलाचे डाग पडलेल्या जुन्या काँक्रीटवर थेट फरशी चिकटवायला देऊ नका, डागावर ती नीट धरत नाही. कोबा वाळायलाही वेळ लागतो, 5 सेंटिमीटर जाडीला ढोबळमानाने दोन महिने धरतात. फरशीऐवजी लाकडी पट्ट्या किंवा चिकटवायचं व्हिनाइल घालणार असाल तर ही घाई सगळ्यात महागात पडते. पंधरा दिवसांचा वायदा मला खटकला तो त्यामुळेच.

या थरांचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे. सगळे मिळून दहा-बारा सेंटिमीटर उंची वाढते, आणि घर व गॅरेज यांच्यामधली पायरी बहुतेक तेवढीच असते. म्हणजे हिशोब नीट केला तर घराची आणि आईच्या खोलीची फरशी एका पातळीत येईल. रात्री अंधारात उठणाऱ्या माणसासाठी हे रंगापेक्षा, फर्निचरपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. मात्र आधी छताची उंची मोजा, तीही सर्वांत खाली आलेल्या तुळईच्या तळापासून. सगळे थर झाल्यावर 2.4 मीटरच्या आसपास उंची उरली तर उत्तम.

आता शटरची जागा. लोकांना वाटतं चार विटा रचल्या की झालं. दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली पाया असतो, पण शटरच्या उंबऱ्याखाली तो असेलच असं नाही, अनेकदा तिथे नुसती जमिनीची कड असते. त्यावर जड भिंत उभी केली की ती वेगळी खचते आणि जुन्या-नव्या भिंतींच्या जोडात उभी भेग पडते. उंबऱ्याजवळ एक लहान खड्डा खणून खाली काय आहे ते बघायला सांगा. पाया नसेल तर तो घालायचा, किंवा तिथे खाली बुटकी भिंत आणि वर मोठी खिडकी असं हलकं काम करायचं. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, खोलीत उजेड भरपूर येतो. वरचा लिंटेल, म्हणजे शटरच्या वरची आडवी तुळई, आहे तसाच राहू द्या. नवी भिंत जुन्या भिंतीत सळ्यांनी गुंतवायची, जोडावर जाळी मारून मग गिलावा करायचा. नव्या भिंतीच्या तळाशीही ओलरोधक थर हवा आणि तो फरशीखालच्या शीटला जोडलेला हवा, नाहीतर ओल नेमकी त्या फटीतून वर चढते.

बाहेरचा रॅम्प विसरू नका. त्याचा उतार घराकडे असेल तर पावसाचं पाणी नव्या भिंतीला येऊन टेकेल. भिंतीपुढे जाळीची नाली काढा आणि बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली ठेवा.

भिंती एकेरी विटेच्या असतील तर तिरप्या पावसाने त्या आतपर्यंत भिजतात आणि लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून गिलावा पोपडतो. रंगाने हे थांबत नाही. बाहेरून चांगला गिलावा करा, किंवा आतून थोडी पोकळी सोडून दुसरी हलकी भिंत उभी करा. पाच-सात सेंटिमीटर जागा जाईल, जाऊ द्या. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडणं, कापणं, घासणं आधी थांबवा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तपासणी करून जाणकारांकडूनच ते काढून घ्या.

गॅरेजमध्ये गॅसचा गीझर, बॉयलर किंवा इन्व्हर्टरची बॅटरी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर यातलं काहीही झोपायच्या खोलीत ठेवायचं नाही, या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. गीझर-बॉयलरमध्ये गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो की वास नसतो, आणि लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. अर्ध्या भागात गाडी किंवा दुचाकी ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा.

खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्श्याएवढ्या हव्यात आणि त्यातली एक तरी माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी, बाहेरून पक्के गज नसलेली. तुमच्या आईचं वय पाहता खिडकीपेक्षा बाहेर उघडणारं दारच ठेवा, आग लागली तर घरातून जायची वाट बंद झालेली असू शकते. विजेसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढा आणि त्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, कारण गॅरेजची जुनी तार बहुधा एक दिवा आणि एक सॉकेट यांच्यापुरतीच असते.

तुम्ही संडास-बाथरूमचं विचारलेलं नाही, पण आईला रात्री लागणारच. ते आत्ताच ठरवा, कोबा पडल्यावर नाही. 100 मिलिमीटरच्या पाइपला साधारण 60 ला 1 उतार धरला तर सहा मीटरवरच्या चेंबरपर्यंत (सांडपाण्याच्या बाहेरच्या हौदापर्यंत) दहा सेंटिमीटर उतरण लागते. चेंबरची खोली मोजली की पाइप बसतो की नाही ते लगेच कळेल. संडास चेंबरच्या जवळच्या कोपऱ्यात घ्या, पलंग कुठेही बसवता येतो.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. गाडीची जागा कमी करून राहती खोली करायला अनेक ठिकाणी बांधकाम विभागाची मंजुरी लागते, काही ठिकाणी ती नाकारलीही जाते. काम सुरू करण्याआधी लेखी विचारा आणि घराचा विमा असेल तर त्यांनाही कळवा.

ठेकेदाराकडून नवं अंदाजपत्रक मागा, त्यात ओलरोधक शीट, उंबऱ्याखालचा पाया आणि बाहेरची नाली या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. शीट अंथरून झाली की कोबा टाकायच्या आधी फोटो काढा. पैशाची ओढाताण झाली तर फॉल्स सीलिंग आणि भिंतीतली कपाटं पुढच्या वर्षावर ढकला, ती केव्हाही करता येतात.