शेक किती बैठकांचा, आणि कशासाठी?

फुप्फुसाचा कर्करोग पसरल्यावर केवळ त्रास कमी करण्यासाठी जे रेडिएशन देतात, म्हणजे बोलण्यातला 'शेक' किंवा 'लाइट', त्याबद्दल आलेली पाच पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांचे वय ७१. गाठ डाव्या फुप्फुसात आहे, आजार यकृतातही गेला आहे. थुंकीतून रोज रक्त पडते. एका डॉक्टरांनी आठवड्याच्या अंतराने दोनच बैठका सांगितल्या, दुसऱ्यांनी दहा. दोन म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असे समजायचे का?

उत्तर : मुळीच नाही. इथे गाठ नाहीशी करायची नसते, रक्त थांबवायचे असते, आणि तेवढ्यासाठी लागणारी मात्रा बरीच कमी असते. ही मात्रा 'ग्रे'मध्ये मोजतात. नेहमीचे हिशोब असे : ८.५ ग्रेच्या २ बैठका म्हणजे एकूण १७, ४ ग्रेच्या ५ म्हणजे २०, ३ ग्रेच्या १० म्हणजे ३०, आणि फारच थकलेल्या माणसाला १० ग्रेची एकच. बेरजा वेगवेगळ्या दिसतात, पण एका बैठकीत जास्त मात्रा दिली की प्रत्येक ग्रेचा मारही जास्त बसतो. त्यामुळे १७ आणि ३० यांतला फरक कागदावर वाटतो तेवढा नसतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १७ ग्रे दोनदा विभागून आणि ३० ग्रे दहा वेळा विभागून, दोन्हीकडे रक्त, खोकला, छातीत दुखणे यांना सारखाच आराम पडला.

मग दहा किंवा तेरा बैठका कोणाला? त्याच संस्थेच्या १९९६ च्या चाचणीत १३ बैठकांत ३९ ग्रे दिलेले रुग्ण दोन बैठकांवाल्यांपेक्षा थोडे जास्त जगले : मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ, ९ महिने विरुद्ध ७. पण ते रुग्ण अंगाने चांगले होते, त्यांचा आजार छातीबाहेर गेलेला नव्हता, आणि गिळताना दुखण्याचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. तुमच्या वडिलांचा आजार यकृतात आहे, म्हणून तो आकडा त्यांना लावू नये. ते दिवसाचा बराच वेळ अंथरुणात असतील, तर रोजच्या ये-जा करण्यात दोन आठवडे घालवण्यापेक्षा दोन बैठका शहाणपणाच्या, असे आमचे मत.

डॉक्टरांना 'किती बैठका?' याच्या आधी 'कोणत्या त्रासासाठी?' हे विचारा. सगळ्या तक्रारी शेकाला सारख्या दाद देत नाहीत. रक्त पडणे सर्वांत चांगले थांबते, त्याखालोखाल दुखणे. खोकल्याचा भरवसा कमी. धापेचे तर कारण पाहावे लागते. गाठीने श्वासनळी दाबली असेल तर शेकाने वाट मोकळी होऊ शकते. छातीत पाणी साठले असेल तर ते नळीने काढावे लागते, शेक कामाचा नाही. दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी विखुरलेल्या असतील तरीही नाही.

रक्त लगेच थांबत नाही. काही दिवस ते दोन आठवडे धरून चाला. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते आजच सांगा. आणि एकदम अर्धा कप किंवा त्याहून जास्त रक्त आले तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही : डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त उजव्या, धड बाजूत उतरणार नाही, आणि तातडीच्या विभागात न्या. तिथे रक्तवाहिनी आतून बंद करण्याचा उपाय असतो. शेक एवढ्या घाईच्या कामाचा नाही.

प्रश्न : आईला उताणे झोपले की धाप लागते आणि खांदाही दुखतो. मशीनखाली ती कशी टिकेल?

उत्तर : हे पहिल्या बैठकीला सांगून उपयोग नाही, त्याआधीच्या नियोजनाच्या दिवशी सांगा. त्या दिवशी ज्या स्थितीत सीटी स्कॅन होतो, तीच स्थिती पुढे प्रत्येक वेळी ठेवावी लागते. छातीच्या शेकात बहुधा हात डोक्यावर धरायला लावतात. पण किरण सरळ पुढून आणि मागून सोडायचे असतील, तर हात अंगाशी ठेवूनही काम होते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करता येते, ऑक्सिजन चालू ठेवता येतो. मॉर्फिनची लगेच काम करणारी गोळी किंवा औषध चालू असेल तर एक मात्रा साधारण अर्धा तास आधी द्या.

प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच चालतात. वेळ जातो तो जागा जुळवण्यात, म्हणून एकूण दहा-पंधरा मिनिटे धरा. किरण जाणवत नाहीत, गरमही लागत नाही. आई खोलीत एकटी असेल, पण तंत्रज्ञ कॅमेऱ्यावर पाहत असतात, बोललेले त्यांना ऐकू जाते, आणि मशीन मध्येच थांबवता येते. हे तिला आधी सांगा, निम्मी घाबरगुंडी तिथेच कमी होते. किरणांची जागा जुळवण्यासाठी छातीवर काढलेल्या शाईच्या खुणा मात्र घासून काढू नका. पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवायच्या नाहीत, कारण चुकीच्या जागी गिरवलेली खूण पुसलेल्या खुणेपेक्षा वाईट. तंत्रज्ञांना दाखवा.

प्रश्न : पहिल्या बैठकीच्या रात्रीच यजमानांना थंडी वाजून ताप आला, छातीतही दुखले. आता दहा दिवसांनी घास उतरत नाही. काही चुकले का?

उत्तर : चुकलेले नाही, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या मात्रेनंतर काही तासांत कणकण, थंडी आणि छातीत दुखणे होऊ शकते. पॅरासिटामॉलने ते बहुधा एक-दोन दिवसांत जाते. मात्र अलीकडच्या काही आठवड्यांत केमोथेरपी झाली असेल, तर ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप 'शेकाचा' म्हणून सोडून देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, त्याच दिवशी रक्त तपासा.

घास अडकतो तो अन्ननलिका सुजल्यामुळे, कारण ती किरणांच्या वाटेत असते. हा त्रास एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो आणि तेवढ्याच काळात ओसरतो. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटे बधिर करणारे औषध मिसळलेले पातळ अँटासिड डॉक्टर लिहून देतात. अन्न मऊ आणि कोमट असू द्या, मोठ्या गोळ्यांऐवजी पातळ औषध मागा. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर कारण वेगळे. ती बुरशी असते, स्टेरॉइड घेणाऱ्यांत हमखास दिसते आणि तिचे औषधही निराळे.

प्रश्न : सासऱ्यांच्या कमरेच्या हाडाला ८ ग्रेचा एकच शेक दिला. दुसऱ्या दिवशी दुखणे उलट वाढले.

उत्तर : बऱ्याच जणांचे हाडाचे दुखणे पहिल्या काही दिवसांत तात्पुरते भडकते. काही ठिकाणी ते टाळायला शेकाच्या दिवसापासून पाच दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ८ मिलिग्रॅम देतात, सकाळी, खाल्ल्यावर. मधुमेह असेल तर साखर वाढते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. खरा आराम यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर मॉर्फिन आपल्या मनाने कमी करू नका, आणि बद्धकोष्ठाचे औषध सोबत चालूच ठेवा. महिनाभराने उतार नसेल किंवा दुखणे परतले, तर त्याच जागी पुन्हा शेक देता येतो. एका बैठकीनंतर असा दुसरा शेक जास्त वेळा लागतो, एवढाच तिचा तोटा. आराम मात्र अनेक बैठकांइतकाच.

पत्रात नाही, तरी सांगून ठेवतो : पाठ किंवा कंबर दुखणाऱ्या अशा रुग्णाचे पाय जड पडले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. फोनवर हीच वाक्ये बोला, नुसते 'अशक्तपणा आहे' म्हणू नका. संपूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हायला हवा. चालणारा माणूस वेळेत आला तर बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे अवघड.

प्रश्न : शेक घेऊन आल्यावर आजोबांनी नातवाला जवळ घ्यावे का?

उत्तर : खुशाल. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काहीही उरत नाही. मात्र घरात ऑक्सिजन चालू असेल, तर त्या खोलीत बिडी, सिगारेट, दिवा, शेगडी काही नको.