खुब्याचं एव्हीएन, प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि जर्मनीला निघण्याआधीची कामं

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किडनीच्या आजारासाठी बराच काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे, आता उजव्या खुब्यात एव्हीएन, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं, निघालंय, स्टेज २. तीन महिन्यांनी कोल्हापूर सोडून जर्मनीत नोकरीवर रुजू व्हायचंय. डॉक्टर म्हणाले, हाडाच्या नासाडीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही हात असतो. मग प्रतिकारशक्ती दाबायची की वाढवायची? आणि ऑपरेशन इथं करायचं की तिकडं?

आधी पेशींचं बघू. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्याच असतात. स्टेरॉइडमुळे मज्जेत चरबी साठते, रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, पुरवठा तुटतो आणि हाडाच्या पेशी मरतात. मेलेल्या पेशींतून सांडलेलं द्रव्य मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ओळखतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा ही सूज वाढवणारी रसायनं सोडून सूज आणतात. हे त्यांचं एम१ रूप. पुढं एम२ रूपात जाऊन त्यांनी नव्या रक्तवाहिन्यांना आणि नव्या हाडाला मदत करायची असते. एव्हीएनमध्ये हा पालट नीट होत नाही आणि सूज रेंगाळते. त्यात हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशीही मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. सुजेत त्यांना जोर चढतो. मेलेलं हाड भराभर उचललं जातं, नवं सावकाश भरतं. या मधल्या काळात कूर्चेखाली चीर पडते आणि गोळा पिचतो. स्टेज २ म्हणजे हे पिचणं अजून झालेलं नाही. तुमच्या हातातला सगळा वेळ हाच.

म्हणून दाबणंही नको, वाढवणंही नको. सफाई आणि दुरुस्ती त्याच पेशी करतात, आणि एव्हीएनसाठी त्यांच्यावर चालणारं मान्य औषध आज नाही. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या तर अजिबात नकोत, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पण चालू प्रेडनिसोलोन मनानं एकदम सोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. डोस किडनीच्या डॉक्टरांनीच उतरवायचा. दुखलं की डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, किडनीला मार बसतो. जर्मनीत त्याच जातीचं आयबुप्रोफेन ४०० चिठ्ठीशिवाय मिळतं, तिथंही हेच लक्षात ठेवा.

आता दोन्ही खुब्यांचा एमआरआय करा. स्टेरॉइडच्या रुग्णांत दुसरा खुबाही बऱ्याचदा निघतो, आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो. कोल्हापुरात राजारामपुरीत करा नाहीतर पुण्यात, डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गोळ्याचा किती भाग बाधित आहे, तो वजन पेलणाऱ्या जागी आहे का, कूर्चेखाली चीर आहे का. चीर नसेल आणि भाग लहान असेल तर कोअर डिकम्प्रेशनचा विचार होतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूनं ८ ते १० मिमीचं एक किंवा ३ मिमीची अनेक भोकं पाडतात; मज्जेतला दाब उतरतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. नंतर साधारण ६ आठवडे कुबड्या. घाईनं पूर्ण वजन टाकलं तर भोकापाशी हाड मोडू शकतं. चीर पडली असेल तर यानं फारसं साधत नाही, मग सांधा बदलण्याचंच बोलणं होतं.

माझं स्पष्ट मत: डिकम्प्रेशन ठरलं तर कोल्हापुरातच आणि याच महिन्यात करून घ्या, गरज पडली तर रुजू होण्याची तारीख पुढं ढकला. जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा जुना आजार असला तरी नाकारत नाही, पण हाडाच्या डॉक्टरची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा जुन्या आजाराला सहसा लागू नसतो. नोकरीच्या पहिल्या ४ आठवड्यांत आजारी पडलात तर आजारपणाचा पगार मालकावर बंधनकारक नाही, आणि प्रोबेशन बहुतेक ६ महिन्यांचं असतं.

सोबत एमआरआयची सीडी घ्या, नुसती फिल्म नको. रिपोर्ट इंग्रजीत, औषधांची जेनेरिक नावं आणि स्टेरॉइडच्या डोसचा तारीखवार कागदही ठेवा. तीन महिन्यांपुरती औषधं चिठ्ठीसह नेता येतात. तोवर तालमीतल्या बैठका आणि उड्या बंद, कमोड वापरा, चढताना कठडा धरा. तिकडं घर बघताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते. हिवाळ्यात कुबड्या लागल्याच तर बर्फावरचं खिळ्याचं टोक मेडिकल सामानाच्या दुकानातून बसवून घ्या.