स्क्रीनवर उजळ दिसणारे फोटो प्रिंटमध्ये काळपट का येतात?

बहुतेक वेळा मॉनिटरचा ब्राइटनेस फार जास्त असतो, म्हणून. प्रिंटसाठी एडिट करताना तो 80 ते 120 निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा ब्राइटनेस मोजायचा एकक) आसपास हवा. व्हाइट पॉइंट (पांढऱ्या रंगाची छटा) 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ती सेटिंग) 2.2. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग) आणि ऑटो ब्राइटनेस आधी बंद करा, नाहीतर रात्री नीट वाटलेली त्वचा सकाळी निळसर दिसेल.

स्क्रीनवर ऊन किंवा दिव्याचा झोत पडू देऊ नका. प्रिंट तपासायला 5000 केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, कमाल 100) 90 च्या वरचा दिवा घ्या. पिवळ्या बल्बखाली रंगांचा निवाडा होत नाही.

आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, ते चुकीच्या रंगालाही पटकन सरावतात. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारा सेन्सर) महाग वाटत असेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, महिन्यातून एकदाच तर लागतो.