एआरएफ विमानाच्या बांधणीवर कितपत भरवसा ठेवावा?

आपण विचारले आहे की, बाल्सा लाकडाचे एआरएफ, म्हणजे जवळजवळ तयार स्थितीत मिळणारे, रिमोटने उडवायचे मॉडेल विमान पुस्तिकेप्रमाणे जोडून थेट उडवावे, की कारखान्यात झालेले कामही तपासून घ्यावे. माझे मत असे की, ते अवश्य तपासावे आणि तेही इंजिन व टाकी बसवण्याआधी, कारण नंतर आत हात पोहोचत नाही.

यातील बरीच विमाने चीन आणि व्हिएतनाममध्ये तयार होतात. त्यांचे लाकडी भाग लेझरने कापलेले असल्यामुळे मापात सहसा चूक नसते. गोंद मात्र माणूस हाताने लावतो आणि वर चकचकीत फिल्म चढली की कोणता सांधा नीट भरला आहे आणि कोणता कोरडा राहिला आहे हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे फिल्मवरच्या सुरकुत्या पाहून विमानाची प्रत ठरवू नये. दमट हवेत बांधलेले विमान विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात आले की लाकूड आकसते व फिल्म सैल पडते. आधी कडा इस्त्रीने घट्ट चिकटवून मग मधला भाग हलक्या हाताने तापवला की सुरकुत्या जातात. पंखाला पीळ पडत नाही ना, एवढे पाहत राहावे.

खरी परीक्षा फायरवॉलची, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या प्लायवूडच्या पुढच्या फळीची असते. 46 आकाराचे, सुमारे 7.5 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 11 हजार फेरे घेत असेल, तर त्या फळीला सेकंदाला 180 हून अधिक हादरे बसतात. एका नामांकित कंपनीच्या विमानात मी फळीच्या कोपऱ्यावर अंगठ्याने जोर दिला, तेव्हा सांध्यात केसाएवढी फट उघडली आणि आत गोंदाचे फक्त चार ठिपके दिसले. अशा वेळी आतल्या कोपऱ्यांत बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या 30 मिनिटांच्या इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या आणि तेवढ्या वेळात घट्ट होणाऱ्या गोंदाने, चिकटवाव्यात. इंजिन इंधनाचे असेल तर फळीवर आणि टाकीच्या कप्प्यात इपॉक्सीचा पातळ हातही फिरवावा, म्हणजे तेल लाकडात मुरून सांधा कमकुवत होत नाही. चाकांचे पाय ज्यावर बसतात तो लाकडी ठोकळाही असाच मजबूत करावा, कारण आपल्याकडच्या खडबडीत मैदानांवर उतरताना पहिला दणका त्यालाच बसतो.

बिजागऱ्या कारखान्यातून चिकटवून आल्या असल्या, तरी प्रत्येक एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखांवरचे व शेपटीवरचे दिशा बदलणारे हलते भाग, घट्ट धरून ओढून पाहावे. नुसत्याच खोचलेल्या बिजागऱ्यांसाठी खाचेच्या मध्यावर सुमारे 2.4 मिमीचे छिद्र पाडले, तर पातळ सीए (सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा) गोंद आतपर्यंत झिरपतो. बिजागरीजवळची फट कमीत कमी ठेवावी. फट मोठी राहिली तर वेगात त्या भागाला फडफड सुरू होण्याचा धोका वाढतो आणि ती सुरू झाली की विमान वाचणे कठीण असते.

पंख जोडणाऱ्या नळीची पकडही मी पाहतो. अडीच किलोचे विमान पाच जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराचा, पलटा घेते, तेव्हा पंखांवर साडेबारा किलोंचा भार येतो, त्यामुळे नळी तिच्या खोबणीत सैल हलता कामा नये.

एवढे केल्यावर थांबावे. सगळीकडे इपॉक्सी ओतण्याची सवय, विशेषतः शेपटीकडे, महागात पडते. शेपटीचे अंतर गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट असेल, तर मागे वाढलेल्या 10 ग्रॅमसाठी पुढे 30 ग्रॅम शिसे लावावे लागते.

महाग विमानांत स्क्रू आणि दांड्या सहसा चांगल्या असतात, म्हणून परवडत असेल तर जास्त पैसे द्यावेत. स्वस्त विमान घेतल्यास वाचलेल्या पैशांतून निदान नियंत्रण दांड्यांचे क्लेव्हिस (दांडी हलत्या भागाला जोडणारी टोकाची पकड) आणि इंजिनचे बोल्ट बदलावेत. धातूवर बसणाऱ्या बोल्टांना थ्रेडलॉक, म्हणजे हादऱ्यांनी ते सैल होऊ न देणारा द्रव, लावावे आणि पहिल्या काही उड्डाणांनंतर ते पुन्हा तपासावेत.